ज्याचा घाव समोर

बुलढाणा, २ नोव्हेंबर १९६६

चि. गीता हिस अनेक आशीर्वाद.

तू माहेरी निघून गेलीस हे मला मोताळ्याच्या एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत घालवलेल्या बाईला स्वतःच्या भाचेसुनेची खबर तिकिटं फाडणाऱ्याकडून मिळावी, हे मला आवडलेलं नाही. पण हे पत्र तुझ्यावर रागावण्यासाठी नाही. रागवायला मला दुसरी पुष्कळ माणसं आहेत.

विहिरीवर तुला कोण काय म्हणालं ते मला कळलं. 'पळपुट्याची बायको.' बोलणारीच्या नवऱ्याने जन्मात कधी कोल्ह्यापुढे काठी उचललेली नाही. मी रामरावाला विचारलं, तुझ्या सुनेला भर पाणवठ्यावर असं बोलतात आणि तू गावचा पाटील म्हणवतोस, काय करतोस? तर माझा सख्खा भाऊ पानाला चुना लावत म्हणतो, "लोकायच्या तोंडाले काय हात लावू, कोकिळा? मी रीत पाळली. बाकीचं मी काय करू?"

रीत! दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव शिवेवर जातं. आपट्याची पानं लुटायच्या आधी आपल्या घरचा कर्ता पुरुष रणात पडलेल्यांची नावं मोठ्याने घेतो आणि प्रत्येक नावाला पुरुषमंडळी 'आहे!' म्हणतात. अकरा नावं. लहानपणी मी ती पाढ्यांसारखी पाठ केली होती. अट एकच: ज्याचा घाव समोर, त्याचं नाव. पाठीवर घाव असेल तर नाव नाही. ही अट कोणी घातली, कधी घातली, गावात कोणालाही ठाऊक नाही. पण ती मोडली तर पुढच्या वर्षी पाऊस पडणार नाही अशा थाटात सगळे बोलतात.

गेल्या दसऱ्याला इंद्रभान लढाईत पडल्याची तार येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, घरात सुतक होतं. म्हणून यंदा बारावं नाव यायला हवं होतं. बायका उभ्या राहतात त्या पाराजवळ तू माझ्या शेजारी होतीस. अकरावं नाव झालं, 'आहे!' झालं, आणि रामराव पानं लुटायला वळला. बापाने पोराचं नाव घेतलं नाही. तू माझा हात सोडलास, ते मला तेव्हाच जाणवलं.

तू म्हणशील, हे आत्याबाईंमुळे झालं. जनकानेही मला तेच ऐकवलं. "बाई, तुमी दोन शब्द गिळले असते तं काय बिघडलं असतं?" ती त्याची आई. तिला उलट बोलायचा अधिकार मला नाही. तुला मात्र सांगते. पलटणीच्या साहेबाचं पत्र इंग्रजीत होतं, घरात इंग्रजी येणारी मी एकटी, आणि त्यात जे लिहिलं होतं तेच मी वाचलं. तोफेच्या गोळ्याचे दोन तुकडे, पाठीत. खरं वाचणं हा अपराध असेल, तर मी छत्तीस वर्षं मुलींना अपराधच शिकवत आले.

तुझ्या नावामागे 'सौ.' न लिहिण्याची माझ्या लेखणीला अजून सवय नाही. माझ्या नावामागचं ते अक्षर तेराव्या वर्षी गेलं, तेव्हा वडिलांनी मला नागपूरला नन्सच्या शाळेत नेऊन घातलं. तुझं पुढे काय, याचा विचार तुझ्या सासऱ्याने केलेला दिसत नाही. म्हणून मी करते आहे. उत्तर पाठव.

तुझी
आत्याबाई

*

बुलढाणा, १७ डिसेंबर १९६६

चि. गीता हिस आशीर्वाद.

उत्तर नाही. जळगाव जामोदचं पोस्ट नीट चालू आहे, याची मी चौकशी केली आहे.

रविवारी गावी जाऊन आले. ओसरीवर रामराव होता आणि त्याच्यासमोर ते शाळेचे शेषराव गुरुजी, पाय पसरून. मी चहा घेतला नाही. उभ्यानेच विचारलं, "दादा, अकरावं नाव कोणाचं?"

"उत्तमराव आज्यायचं. तुले माईत नाई काय?"

"ते कुठे पडले?"

"अडगावच्या लढाईत. इंग्रजाच्या तोफेनं."

"घाव कुठे होता?"

रामरावाने पानाचा डबा पुढे ओढला. मग मीच सांगितलं. आपल्या आजोबांनी मला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, आणि तेव्हा रामरावही शेजारीच बसला होता. उत्तमरावांचा घोडा एकटा परत आला. शोधायला गेलेल्यांना त्यांचा एक जोडा सापडला. बाकी काही नाही. मी म्हटलं, "आता सांग, जोड्याला समोर कुठलं आणि पाठ कुठली?"

"ते जुनं झालं, कोकिळा."

"जुनं झालं की घाव समोर येतो का?"

शेषराव गुरुजी मध्येच म्हणाले, "बाई, तुमी रिटायर झाल्या, पण शाळा कायी सुटली नाई तुमची." मी त्यांना सांगितलं की काही विद्यार्थी पुन्हा पुन्हा त्याच वर्गात बसतात, त्याला शिक्षकाचा इलाज नसतो.

गीता, नववीच्या मुलींना मी 'दारूगोळ्यामुळे युद्धतंत्रात झालेले बदल' हा धडा दरवर्षी शिकवत असे. किल्ल्यांचे तट बुटके आणि जाड झाले, चिलखतं गेली, घोडेस्वाराचा दरारा गेला, पायदळ हुकमावर एकदम बार काढू लागलं, आणि तोफा ओतणं परवडेल त्याचंच राज्य टिकलं. पाच मुद्दे, पाच गुण. मुली घडाघडा लिहीत आणि मी पैकीच्या पैकी देत असे. त्या धड्यात आणखी काही असायला हवं होतं, हे मला रविवारी परत येताना एसटीत सुचलं. तलवारीची लढाई म्हणजे हातभर अंतर. मारणाऱ्याचं तोंड दिसतं. तुम्ही त्याच्याकडे तोंड केलंत की पाठ, याला तिथे अर्थ असतो. आपल्या गावाची रीत त्या हातभर अंतरातली आहे. तोफेचा गोळा दोन कोसांवरून येतो. झाडणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला तो. तोंड करायचं तर कुठल्या दिशेला करायचं?

शेजारच्या रोहिणखेडलाच बघ. तिथली जुनी मशीद तू पाहिली आहेस. पावणेचारशे वर्षांपूर्वी त्या शिवारात दोन निजामशाही फौजा भिडल्या आणि जमालखान नावाचा सेनापती कपाळात गोळी लागून घोड्यावरून पडला, असं जुन्या तवारिखेत आहे. गोळी कोणाची, ते नाही. एवढा मोठा सेनापती, आणि त्याला मारणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. तलवारीच्या काळात असं कधी झालं असतं का? पण जग बदलल्याची बातमी रोहिणखेडहून आपल्या गावापर्यंत यायला पावणेचार शतकं पुरलेली नाहीत.

निघताना रामराव फाटकापर्यंत आला. हळूच म्हणाला, "तू एक सांगून टाक. मी वाचनात चुकली, छातीत होतं, मले पाठीत वाटलं. मी येत्या दसऱ्याले नाव घेतो."

मी चुकले म्हणून सांगू! इंग्रजीत! मी त्याच्या तोंडावर नाही म्हणून आले.

तुझी
आत्याबाई

*

बुलढाणा, २८ फेब्रुवारी १९६७

चि. गीता,

तुझं कार्ड मिळालं. निवडणुकीचे भोंगे दारावरून जात होते, मी खिडकी लावून घेतली आणि उभ्यानेच वाचलं. चार ओळी. "आत्याबाई, खोटं सांगून नाव घ्याले लावू नका. नाव घेनं न घेनं मामाजीपाशी. मले फक्त कोनी सांगा, ते पडले कसे. पळत होते काय?"

ते शेवटचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. विहिरीवरच्या बायकांचा तुला राग आला असेल, सासऱ्याचा आला असेल, माझा तर आहेच, असं मी धरून चालले होते. तुला स्वतःलाच ठाऊक नाही आणि तो प्रश्न तू दीड वर्ष उशाशी घेऊन झोपते आहेस, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता माझंही ऐक. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की जे होतं ते मी वाचलं. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही.

साहेबाचं ते पत्र सकाळी आलं. रामरावाने मला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि आधी कडब्याच्या कोठीत नेलं, एकटीला. मी मनातल्या मनात वाचलं. त्याने माझं तोंड बघितलं. "काय लिवलं?" मी सांगितलं. तो कडब्यावर बसला. मग त्याने माझा हात धरला. मी विधवा होऊन घरी आले तेव्हाही त्याने धरला नव्हता. म्हणाला, "भायेर वाचशीन तवा छातीत म्हन. एवढंच कर माह्यासाठी." मी 'बरं' म्हटलं. हो, गीता, मी बरं म्हटलं होतं.

बाहेर ओसरीवर चाळीस माणसं. तू माजघराच्या दारात उभी होतीस. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. घावाच्या ओळीशी आले आणि 'छातीत' म्हणायला जीभ वळेना, म्हणून जागाच सांगितली नाही. 'गोळ्याचे तुकडे लागले आणि तो जागीच गेला,' एवढं म्हणून पुढे गेले. तेवढ्यावर निभावलं असतं. पण शेषराव गुरुजी गर्दीतून म्हणाले, "बाईचं इंग्रजी जुनं झालं. कुठं लागलं तेच उमजलं नाई त्यायले. आना, मी सांगतो बराबर."

आणि मी भडकले. "पाठीत," म्हटलं, "दोन तुकडे, उजव्या खांद्याच्या खाली. गुरुजी, तुमच्या इंग्रजीची परीक्षा घेऊ का आता?"

ते सत्यासाठी नव्हतं. एका मॅट्रिक मास्तराने माझ्या इंग्रजीवर शंका घेतली, म्हणून होतं. माझं वाक्य संपायच्या आत मला ते कळलं, आणि तू दारातून आत गेलीस.

खोटं सांगू नका असं तू लिहिलंस. बरं झालं. रामरावाचा निरोप पुन्हा आला होता, आणि या वेळी मी नाही म्हटलं असतं याची मला खात्री नव्हती.

साहेबाला आज पत्र टाकलं. तुझाच प्रश्न जसाच्या तसा विचारला आहे.

आत्याबाई

*

बुलढाणा, ९ मे १९६७

चि. गीता हिस आशीर्वाद.

साहेबाचं उत्तर आलं. त्याची बदली झाली होती, पत्र तीन गावं हिंडून त्याला पोचलं. खाली मराठीत देते. एकही शब्द कमी-जास्त केलेला नाही, आणि मूळ कागद सोबत घातला आहे. तुमच्याकडे कोणी भरवशाचा वाचणारा असेल तर ताडून घे. मला राग येणार नाही.

"मी त्या खंदकापासून दीडशे यार्डांवर होतो. उसाच्या शेतावर जवळजवळ अर्धा तास तोफांचे गोळे पडत होते. धूर निवळल्यावर आपला भाचा आणि त्याच्या बाजूचे दोघे मृत सापडले. तिघांपैकी कोणी वाचलं नाही. ते कसे पडले हे पाहिलेला माणूस हयात नाही. जखमेची जागा मी डॉक्टरच्या कागदावरून लिहिली. तिचा घरी असा अर्थ लावला जाईल हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर मी ती लिहिली नसती. आपल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नसलेलं उत्तर मी देणार नाही."

'शूरपणे लढला' असं एक वाक्य खरडून हा माणूस मोकळा होऊ शकला असता. ते त्याने केलं नाही, म्हणून मला दिवसभर त्याचा संताप आला. रात्री... नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला. पण आदराने तुझा प्रश्न सुटत नाही.

जनकाला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती मे महिन्याच्या उन्हात कुरडया घालत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याले लई आवडत." मी तिला पीठ कालवून दिलं आणि परत आले.

आत्याबाई

*

बुलढाणा, २० ऑगस्ट १९६७

चि. गीता हिस आशीर्वाद.

मोताळ्याला एसटी स्टँडसमोर सायकलचं दुकान आहे, ते आपल्या गावच्या माणिकरावांचं. बौद्धवाड्यातले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. अख्ख्या पंचक्रोशीत अंगावर तोफ झेललेला जिवंत माणूस तो एकच, हे मला लहानथोर सगळ्यांइतकंच माहीत होतं. त्याला जाऊन विचारावं, हे सुचायला मला नऊ महिने लागले. बाकीच्यांना अजूनही सुचलेलं नाही.

ते चाक उलटं टांगून आरे कसत होते. मी म्हटलं, "माणिकराव, जरा विचारायचं होतं."

"आज 'राव' लावलं, बाई. काम मोठं दिसते."

मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. ते चाक फिरवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पाठीत? मंग दुसरं कुठं लागन?"

"म्हणजे?"

"गोळे पडाले लागले का मानूस काय करते? छाती काढून उभा राह्यते काय? पालथा पडते. तसा हुकूमच असते. पोट मातीत, तोंड मातीत, हालू नको. मंग आभायाकडं काय राह्यलं?"

"पाठ."

"हाव. आन् गोळा कायी समोरून चालत येत नाई. वरतून येते."

मला इतकं बरं वाटलं की मी घाईने म्हणाले, "म्हणजे पाठीत लागलं याचा अर्थ तो जागेवर पडून होता. पळाला नव्हता."

त्यांनी चाक थांबवलं. "असं म्हनू नका. तुमच्या मनाजोगतं हाय म्हनून म्हनू नका, बाई. पळनाऱ्याले बी पाठीत लागते, पडनाऱ्याले बी लागते. आमच्या तुकडीत एक जन भेला, रडून राह्यला होता, त्याले बराबर कपायात लागलं. पाठीवरून कायीच समजत नाई. छातीवरून बी नाई."

मग ते आतल्या अंगाला वळले आणि त्यांनी सदरा वर केला. मानेखालून कमरेपर्यंत कातडी नव्हतीच म्हण. नुसतं मांस गोळा होऊन वाळलेलं. "बावीस वर्सं झाली. नदीवर कधी उघड्या अंगानं आंघोळ नाई केली. उन्हायात बी सदरा. तुमच्या गावात पाठीवरचा घाव दाखवून कोन राह्यते?"

मी म्हटलं, "माणिकराव, यंदा दसऱ्याला शिवेवर या. हे एकदा गावाला दाखवा. मग कोणी तोंड उघडणार नाही."

त्यांनी सदरा खाली ओढला. "दसऱ्याले मी नागपूरले राह्यतो. दीक्षाभूमीवर. एक साल नाई चुकलो."

"एक वर्ष..."

"बाई, जर्मनच्या पहिल्या लढाईत आमच्या वस्तीतले तिघं जन गेले. एकाले छातीतच लागली होती, त्याच्या संगचा सांगत आला होता. घेतलं काय त्याचं नाव शिवेवर? आमी इचारलं नाई, अर्ज बी नाई केला. आता पाटलाच्या पोरासाठी मी गावापुढं सदरा काढू?"

मी उठले. तेव्हा तेच पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, "पोरगा चांगला होता तुमचा. सायकल घ्याले आला का 'काका' म्हने मले." आणि हातांनी दाखवलं, कसं पडायचं असतं ते. कोपरं आत, हनुवटी मातीत टेकलेली, टाचा जमिनीला चिकटलेल्या. "टाच वर राह्यली तं टाच जाते," म्हणाले.

एसटीत मी फार रागाने बसले होते. राजूरचा घाट चढेपर्यंत तो राग टिकला. वर आल्यावर तो कोणावर करायचा तेच मला सापडेना. लाज आमच्या गावाची, आणि ती धुवायला पाठ मागायला गेले कोणाची?

त्या तिघांची नावं मी दुसऱ्या खेपेला जाऊन विचारली. माणिकराव म्हणाले, "कायले पायजे?" मी म्हटलं, मला माहीत असायला हवी होती म्हणून. त्यांनी सांगितली. माझ्याजवळ लिहिलेली आहेत.

आत्याबाई

*

बुलढाणा, १५ ऑक्टोबर १९६७

चि. गीता,

शिवेवर काय झालं ते तुला कोणाकडून तरी कळेलच, आणि तिखटमीठ लावून कळेल. म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

रामरावाने अकरा नावं घेतली. अकराव्याला 'आहे!' झालं. तो वळायच्या आत मी पाराजवळून निघाले आणि पुरुषांमधून वाट काढत आपट्याच्या झाडाखाली गेले. बाईमाणूस तिथे जात नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "आता बाई सगळ्यायले छड्या मारते का काय बे!" बरीच माणसं हसली.

मी म्हटलं, "दादा, थांब. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत." पहिली ही की साहेबाचं पत्र मी बरोबर वाचलं होतं, पण वाचलं ते तोऱ्यात, आणि त्याचं मोल माझ्या भाचेसुनेने मोजलं. शेषराव गुरुजी खाली बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दुसरी ही की इंद्रभान पळत होता की पडून होता, हे मला माहीत नाही. साहेबाला माहीत नाही. पाहणारं कोणी उरलेलं नाही. "आणि तुम्हालाही माहीत नाही. मग निकाल कशावरून लावलात?"

"घावावरून!" कोणीतरी म्हणालं. "रीत हाय ते."

"ठीक आहे," मी म्हटलं, "मग बघा." आणि मी खाली वाकले.

साठ वर्षांची हाडं जमिनीवर जायला वेळ घेतात. आधी गुडघे, मग हात. पदर सावरायचा राहिला. काळी माती ओलसर होती आणि तिच्यात आपट्याची पानं तुडवलेली होती. मी पालथी झाले. कोपरं आत, हनुवटी मातीत, टाचा जमिनीला. पांढरं इस्त्रीचं लुगडं नेसून, दीडशे माणसांच्या पायांशी. आता कोणी हसत नव्हतं. मी तोंड मातीत ठेवूनच म्हटलं, "गोळे पडायला लागले की शिपायाने असं पडायचं असतं. हुकूम आहे तसा. उठला तर हुकूम मोडला. आता वरून गोळा येतोय. सांगा, मला कुठे लागेल?"

एकाने नुसता घसा खाकरला. मला फक्त जोडे दिसत होते.

मग जोड्यांपैकी एक जोडी पुढे आली. रामराव माझ्याजवळ खाली बसला. त्याचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले. "कोकिळा, ऊठ. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

"ऊठ वं."

"नाही उठत. तू बघ. तू अजून बघितलेलं नाहीस."

आणि मग त्याचा हात माझ्या पाठीवर आला. उजव्या खांद्याच्या खाली. "इथं काय?" त्याने विचारलं. मी त्याला ओसरीवर ती जागा एकदाच सांगितली होती, तीही गुरुजींच्या अंगावर ओरडताना. दोन वर्षं ती त्याला बरोबर आठवत होती.

"हो. तिथे एक. दुसरा चार बोटं खाली."

हात चार बोटं खाली सरकला. तिथेच राहिला.

"लई दुखलं असन काय वं त्याले?"

गीता, दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही. समोर की मागे, खरं की खोटं, छाती की पाठ, एवढंच आम्ही बोलत राहिलो. मी म्हटलं, "माहीत नाही, दादा."

त्याने हात काढला नाही. उभाही राहिला नाही. नावं उभं राहून, पागोटं नीट करून घ्यायची असतात. तो तसाच मातीत बसून, एक हात माझ्या पाठीवर ठेवून म्हणाला, "इंद्रभान." आवाज अगदी लहान होता, मागच्यांना ऐकू गेला नसेल. मग पुन्हा एकदा म्हणाला, मोठ्याने, घरात हाक मारायचा तसा, "इंद्र्या!"

माझं तोंड मातीत होतं. कोणी कोणी 'आहे' म्हटलं ते मी पाहिलं नाही. काहींनी नक्कीच म्हटलं नाही, त्यांची नावं मला नंतर लोकांनी आपणहून आणून दिली. मी ती ऐकून घेतली नाहीत. पण सगळ्यात पहिला आवाज पुरुषांकडून आला नाही, तो पाराच्या बाजूने आला. बायका 'आहे' म्हणत नाहीत. जनका म्हणाली. एकटीच. इतक्या जोराने की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या.

तो कसा पडला, हे मी तुला सांगू शकले नाही आणि कधी सांगू शकणार नाही. ये असंही म्हणत नाही. तू जिथे राहशील तिथे मी महिन्याला पत्र लिहीन. उत्तर देणं तुझ्याकडे. जनकाने मात्र विचारायला सांगितलं आहे की कुरडया तुझ्याकडे पाठवल्या तर चालतील का. फार झाल्यात, ती म्हणते, आणि खाणारं कोणी नाही.

तुझी
आत्याबाई